संगणकाची बाजू घेणाऱ्या इंदुअक्का

सकाळची कॉफी झाली की इंदुअक्का लॅपटॉप उघडायच्या, बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमला एखादी अवघड स्थिती मांडून द्यायच्या आणि "विचार कर, मी आलेच" असं त्याला सांगून कुंड्यांना पाणी घालायला जायच्या. परत आल्यावर पदराला हात पुसत पडद्यावर वाकायच्या. प्रोग्रॅमचं उत्तर चुकलेलं असलं, तर त्यांच्या चेहऱ्यावर विजय वगैरे काही नसायचा. वर्गातल्या हुशार मुलाने फळ्यावर सोपं गणित चुकवलं की शिकवणारी बाई जशी क्षणभर थांबते, तशा त्या थांबायच्या. "अजून नाही जमत ह्याला," असं म्हणून लॅपटॉप मिटायच्या आणि भाजी चिरायला घ्यायच्या.

मी नागपूरहून नोकरीसाठी बेंगळुरूला आलो तेव्हा बनशंकरीत त्यांच्या घरातली वरची खोली मला भाड्याने मिळाली. बोम्मसंद्र्यात पंप बनवणाऱ्या कारखान्यात मी गुणवत्ता तपासणीला होतो. अक्कांचे आजोबा बेळगावकडून इकडे आले आणि मग कुणी परत गेलंच नाही. त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड असं मिसळलेलं असायचं, की कुठलं कुठे संपतं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "स्वल्प थांब", "सरी, मग उद्या बघू" ही त्यांची रोजची वाक्यं; स्वल्प म्हणजे जरा, सरी म्हणजे बरं. एका सरकारी संशोधन संस्थेत विमानांच्या पंखांवरच्या दाबाची गणितं संगणकाकडून करून घेण्यात त्यांची नोकरी गेली होती. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची कुणाची हिंमत झाली नसावी. माझी तर झाली नाहीच.

जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग बुद्धिबळाच्या पटाने अडवलेला असे. त्यावर एखादी स्थिती मांडलेली असायची आणि ती आठवडाभर तशीच राहायची. पाहुणे आले तर उरलेल्या अर्ध्या टेबलावर ताटं दाटीवाटीने मांडायची, पण पट हलवायचा नाही. कामाला येणाऱ्या रत्नम्मा सोंगट्यांच्या मधून फडकं फिरवायच्या. एकदा त्यांच्याकडून एक उंट शेजारच्या घरात सरकला. अक्का त्या नव्या स्थितीवर दोन दिवस डोकं धरून बसल्या आणि शेवटी म्हणाल्या, "रत्नम्मा, तुझा उंट माझ्या उंटापेक्षा जास्त छळतोय."

पहिल्याच रविवारी त्यांनी मला खाली बोलावलं.

"बुद्धिबळ येतं?"

"कॉलेजात खेळायचो."

"मग हे बघ. पांढऱ्याची चाल. कोण जिंकतंय?"

मी पाहिलं. दोन्ही बाजूंची प्यादी पटाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एकमेकांना डोकं लावून उभी होती. कुणालाच पुढे सरकता येत नव्हतं. पण पांढऱ्याकडे एक अख्खा हत्ती जास्त होता. मी म्हटलं, "पांढरा. उघडच आहे."

"तोही असंच म्हणतो," लॅपटॉपकडे मान करून त्या म्हणाल्या. "मग जिंक."

मी जिंकायला बसलो. त्या काळ्याकडून खेळत होत्या, म्हणजे राजा एका घरातून दुसऱ्या घरात नेत होत्या आणि परत आणत होत्या. मधेच उठून आमटीला फोडणी देऊन आल्या. मी हत्ती डावीकडे नेला, उजवीकडे नेला. आत शिरायला कुठेच फट नव्हती. वैतागून एका प्याद्यावर हत्ती देऊन टाकला आणि वाट उघडली, तर त्या वाटेने त्यांचाच घोडा माझ्या घरात आला आणि मी हरलो.

"तुझ्याकडे हत्ती जास्त होता, कबूल," त्या पानं वाढत म्हणाल्या. "पण तो आत कुठून जाणार, हे तू विचारलंस का स्वतःला? नाही ना? तोही विचारत नाही."

त्या दिवशी जेवताना त्यांनी मला जे समजावलं, ते मी पुढे अनेकांना सांगितलं, पण त्यांच्यासारखं मला कधी साधलं नाही. त्या म्हणाल्या, प्रोग्रॅम काय करतो? ही चाल केली तर समोरचा काय करेल, मग मी काय करेन, असं तो पुढे पुढे बघत जातो. माणसाच्या कितीतरी पट जास्त बघतो. जिथे बघणं थांबतं तिथे तो हिशेब करतो, कुणाकडे काय उरलं, कुणाचा राजा उघडा पडला. चकमकीच्या खेळात त्याला कुणी हात लावू शकत नाही. आपण तर नाहीच. पण अशा बंद पटावर तो कितीही पुढे गेला तरी त्याला दिसतं काय? पांढऱ्याकडे हत्ती जास्त. आणखी पुढे गेला, तरी हत्ती जास्तच. म्हणून तो खुशीत सांगतो, पांढरा जिंकतोय. इथे कधीच काही घडणार नाही, ही गोष्ट कुठल्याही एका चालीच्या टोकाला लिहिलेली नसते. ती सगळा पट लांबून बघितल्यावर कळते. अशा स्थितीला अक्का "कोटे" म्हणायच्या. कोटे म्हणजे कन्नडमध्ये किल्ला. बळ कमी असलेली बाजू आत दार लावून बसते आणि बाहेरच्याला दार सापडत नाही.

"म्हणजे मशीन मूर्खच," मी म्हणालो.

त्यांना ते आवडलं नाही. आमटीची वाटी माझ्यापुढे जरा जोरातच ठेवली. "मूर्ख कशाने? त्याला जसं बघायला शिकवलं तसं तो बघतो. त्यात त्याची काय चूक?"

त्यांच्या या रागाचं मूळ मला बऱ्याच महिन्यांनी कळलं. त्या नोकरीत असताना, संगणक कपाटाएवढे असायचे त्या काळात, त्यांनी आणि रामप्रसाद नावाच्या त्यांच्या सहकाऱ्याने मिळून बुद्धिबळ खेळणारा एक प्रोग्रॅम लिहिला होता. जेवणाच्या सुट्टीत, यंत्र रिकामं असेल तेव्हा. संस्थेच्या स्नेहसंमेलनात तो सगळ्यांसमोर खेळवायचं ठरलं. समोर खुद्द संचालक खेळायला बसले. सुरुवात छान झाली. मग प्रोग्रॅमचा एक उंट कोपऱ्यात असा अडकला की तो जाणार हे कुणालाही दिसत होतं. आणि प्रोग्रॅम एकेक प्यादं संचालकांच्या तोंडी द्यायला लागला. एक दिलं, दुसरं दिलं, तिसरं दिलं. प्रत्येक वेळी संचालकांना ते मारावं लागत होतं, म्हणून उंटाचं मरण एकेका चालीने लांबत होतं. लोक हसायला लागले. शेवटी प्यादी गेली आणि उंटही गेला.

"त्याला पुढच्या थोड्याच चाली दिसायच्या," अक्का सांगत होत्या. "मधे एक प्यादं फेकलं की उंट मरायची चाल त्याच्या नजरेच्या पलीकडे जायची. जे दिसत नाही ते त्याच्या लेखी घडतच नव्हतं. त्याला वाटत होतं आपण उंट वाचवला. सगळा हॉल हसत होता. रामप्रसादसुद्धा हसला. मला मेलं रडू येत होतं."

दुसऱ्या दिवशीपासून त्या दुरुस्तीला लागल्या. मारामारी चालू असेल तिथे बघणं मधेच थांबवायचं नाही, पट शांत होईपर्यंत पुढे जायचं, असं काहीतरी त्यांनी लिहायला घेतलं. पण आठवड्याभरात वरून हुकूम आला. सरकारी यंत्रावर खेळ नकोत. प्रोग्रॅम पुसला गेला.

"नाव काय होतं त्याचं?" मी विचारलं.

"नाव कुठलं? बारसं व्हायच्या आधीच गेला," अक्का म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या.

त्यांच्याकडे बुद्धिबळ शिकायला एकच विद्यार्थिनी यायची, शुभदा. चाळिशीच्या आसपासची, पुण्याची. नवऱ्याची नोकरी आऊटर रिंग रोडवरच्या कंपनीत, म्हणून मारतहळ्ळीला राहायला आलेली. पुण्यातली बँकेतली नोकरी तिने सोडली होती आणि इथे दिवसभर फ्लॅटमध्ये एकटी असायची. तिथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात तिची अक्कांशी ओळख झाली आणि ती दर शनिवारी शहराच्या त्या टोकाहून या टोकाला यायला लागली. सुरुवातीला फार घाबरत खेळायची. वजीर गेला की डाव सोडून द्यायची. अक्का तिला म्हणायच्या, "वजीर गेला तर गेला. घर शाबूत आहे ना? आधी ते बघ."

त्या वर्षी मंडळाने गणपतीच्या निमित्ताने बुद्धिबळ स्पर्धा ठेवली. आधीच्या फेऱ्या आपापल्या घरून ऑनलाइन खेळायच्या होत्या. शुभदाने नाव दिलं, दोन फेऱ्या जिंकली, आणि तिसरीत तिची गाठ अनिकेत नावाच्या खेळाडूशी पडली. हा मुंबईचा, शाळेत असताना राज्यपातळीवर खेळलेला. डाव बरोबरीत सुटला. नियमाप्रमाणे बरोबरीत काळ्याकडून खेळणारा पुढे जायचा, आणि काळ्या सोंगट्या शुभदाकडे होत्या.

दुसऱ्या दिवशी मंडळाचे कार्यवाह काळेसाहेब यांचा तिला फोन आला. गोड शब्दांत त्यांनी विचारलं, की खेळताना चुकून एखादा प्रोग्रॅम चालू राहिला होता का? अनिकेतने तक्रार केली नव्हती, नुसती शंका घेतली होती. तिच्या पातळीचा खेळाडू असा बचाव करू शकत नाही, असं त्याचं म्हणणं.

शुभदा शनिवारी आली ती पट उघडायला नाही, निरोप घ्यायला. नवऱ्याने तिला "जाऊ दे ना, कशाला वाद" म्हणून सांगितलं होतं. ती म्हणाली, "अक्का, मी नाव काढून घेते. लोकांच्या नजरा मला नाही झेपणार. उगाच शिकले मी."

अक्कांनी तिच्याकडून डाव मागून घेतला, चाली पटावर करून पाहिल्या आणि एका ठिकाणी थांबल्या. मग मला म्हणाल्या, "उद्या सुट्टी आहे ना तुला? गाडी बोलव. मारतहळ्ळीला जायचंय."

अक्का बाजार आणि देऊळ सोडून सहसा कुठे जात नसत. गाडीत बसताना त्यांनी पट मांडीवर घेतला आणि सिल्क बोर्डच्या चौकात आम्ही अडकलो तेव्हा ड्रायव्हरला दोनदा "स्वल्प बेग होगी" म्हणून घाई केली. ड्रायव्हरने फक्त समोरच्या बसकडे बोट दाखवलं.

अक्कांच्या निरोपावरून काळेसाहेबांच्या मारतहळ्ळीतल्या घरी अनिकेत, समितीचे दोघं, शुभदा आणि तिचा नवरा जमले होते. अक्कांनी नमस्कार-चमत्कार लवकर उरकले आणि पट मांडला.

"अनिकेत, तुझा लॅपटॉप उघड. सगळ्यात चांगला प्रोग्रॅम लाव. ही स्थिती दे त्याला. काळ्याची चाल. काय कर म्हणतो?"

अनिकेतने स्थिती घातली. "प्यादं सोडून हत्ती मागे घ्या म्हणतो. काळा थोडा वाईट आहे, पण खेळता येईल असं."

"हिने काय केलं?"

"वजीर दिला. हत्ती आणि एका प्याद्याच्या बदल्यात."

"ती चाल घाल. आता काय म्हणतो?"

अनिकेत पडद्याकडे बघत राहिला. "काळा हरला म्हणतो. पूर्ण."

"मग मला सांगा काळेसाहेब, ही जर त्याचं ऐकून खेळत असती, तर जी चाल तो हरण्याची म्हणतो ती तिने का केली असती?"

मग समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "पण ताई, चाल चुकीची असेल आणि अनिकेतला नंतर जिंकता आलं नसेल, असंही असू शकतं."

"सरी," अक्का म्हणाल्या. "मग आत्ता जिंकू दे. अनिकेत, तू प्रोग्रॅमला विचारून खेळ. पाहिजे तेवढा वेळ घे. शुभदा कुणाला विचारणार नाही. बस ग इथे."

शुभदा खुर्चीच्या कडेवर बसली. तिचा राजा कोपऱ्यात, त्याच्यापुढे प्यादी, आणि प्याद्याच्या आधाराने उभा असलेला एक हत्ती. अनिकेतचा वजीर मोकळ्या पटावर कुठेही जाऊ शकत होता. तो प्रोग्रॅमला विचारून चाल करायचा, शुभदा तिचा हत्ती एका सुरक्षित घरातून दुसऱ्या सुरक्षित घरात न्यायची. पुन्हा तेच. वजीर मागून आला, बाजूने आला, राजा मदतीला आणला. हत्तीच्या ओळीपलीकडे राजाला पाऊल टाकता येईना. प्रोग्रॅम प्रत्येक चालीला पांढरा मोठ्या फायद्यात आहे असंच सांगत होता. काळेसाहेबांच्या पत्नींनी चहा आणला, तो निवला. हळूहळू शुभदाच्या चाली झटपट व्हायला लागल्या. नंतर नंतर तर ती अनिकेतची चाल व्हायच्या आधीच खुर्चीत मागे टेकून बसायला लागली.

शेवटी अनिकेतनेच लॅपटॉप बंद केला. "नाही होत," तो म्हणाला. "सॉरी, शुभदाताई. मला वाटलं होतं, कुणी सांगितल्याशिवाय असं टिकताच येणार नाही."

"मलाही माहीत नव्हतं की हे असं टिकेल," शुभदा म्हणाली. "अक्का म्हणतात, आधी घर बघ. मी तेवढंच बघितलं."

ती पुढच्या फेरीत गेली आणि तिथे सपशेल हरली. पण त्या दिवसापासून ती मंडळातल्या बायकांना शिकवायला लागली, आणि अनिकेत अधूनमधून तिच्या वर्गाला यायचा.

परतीच्या वाटेवर मी खुशीत होतो. म्हणालो, "अक्का, काय जिरवली आज मशीनची." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "कुणाची जिरवायला गेले नव्हते मी," त्या म्हणाल्या. "सगळे कसे खूश झाले बघितलंस? त्याला कळलं नाही म्हणून. त्या दिवशीच्या हॉलसारखंच."

प्रोग्रॅम मात्र बदलत होते. दर काही महिन्यांनी नवी आवृत्ती यायची. आता त्यांना कुणी नियम लिहून देत नव्हतं, ते स्वतःशीच असंख्य डाव खेळून शिकत होते. अक्कांनी वर्षानुवर्षं जमवलेली एकेक स्थिती नवा प्रोग्रॅम ओळखायला लागला. जिथे आधी "पांढरा जिंकतो" यायचं, तिथे एके सकाळी शून्य यायचं, म्हणजे बरोबरी. मला वाटायचं त्यांना वाईट वाटेल, आपला छंद आटत चालला म्हणून. पण त्या मला जिन्यातून हाक मारायच्या. "अरे, ये. हेही आलं त्याला." त्या दिवशी घरात काहीतरी गोड व्हायचं.

एक स्थिती मात्र कुठल्याच आवृत्तीला सुटत नव्हती. ती त्यांच्या आणि रामप्रसादच्या खेळातली होती. जेवणाची सुट्टी संपली म्हणून डाव अर्धा राहिला होता. रामप्रसादकडे घोडा जास्त होता आणि ते म्हणायचे मी जिंकतोय. अक्का म्हणायच्या हे कोटे आहे, तुला आत येता येणार नाही. निवृत्तीनंतरही दोघं फोनवर यावरून भांडायचे. प्रोग्रॅम घरोघरी आले तेव्हा रामप्रसादने त्यालाच विचारलं, आणि त्याने पांढरा जिंकतो असं सांगितलं. "तुझा लाडकासुद्धा माझ्या बाजूने आहे, इंदू," असं ते फोनवर म्हणाले होते. मग एका उन्हाळ्यात रामप्रसाद झोपेतच गेले. अक्का त्यानंतरही प्रत्येक नव्या आवृत्तीला ती स्थिती द्यायच्या, आणि प्रत्येक आवृत्ती रामप्रसादची बाजू घ्यायची. अक्का नुसत्या मान हलवायच्या.

माझी पुण्याला बदली झाली त्याच महिन्यातली गोष्ट. सुट्टीचा दिवस होता. मी खाली आलो तर अक्का लॅपटॉपपुढे बसून होत्या आणि कॉफीवर साय धरली होती. पडद्यावर शून्य होतं.

"कधी आलं?" मी विचारलं.

"मघाशी. म्हटलं बदलेल. थांबले. नाही बदलत." त्यांनी मला चाली दाखवल्या. प्रोग्रॅम पुढे पुढे जात होता आणि शून्यच सांगत होता. इतक्या वर्षांच्या भांडणात त्या बरोबर होत्या. मी अभिनंदन करायला गेलो, पण त्यांच्याकडे बघून थांबलो.

"आता मी हे कुणाला सांगू?" त्या म्हणाल्या.

मग त्या उठल्या, साडी बदलली, आणि मल्लेश्वरमला जायला ऑटो बोलवायला सांगितली. रामप्रसादच्या पत्नी सावित्रम्मा तिथे जुन्या घरात राहत होत्या. मी त्यांना पोचवायला गेलो आणि दाराजवळच्या खुर्चीत बसलो.

अक्का नंतर वर्षभरातच गेल्या. शुभदाने फोन केला तेव्हा मी पुण्यात होतो आणि पोचू शकलो नाही. माझ्या बदलीनंतर त्यांच्याशी फोनवर बोलणं व्हायचं तेवढंच, म्हणून मला त्या आठवतात त्या मल्लेश्वरमच्या त्या खोलीतल्या. सावित्रम्मांना बुद्धिबळातलं काही कळत नव्हतं. अक्कांनी दिवाणावर पट ठेवला आणि ती स्थिती मांडली, एकेक सोंगटी नीट घराच्या मधोमध. मग हे तुमच्या यजमानांचं, हे माझं, असं कन्नडमध्ये सगळं सांगितलं. डाव कधीचा, भांडण कशावरून, आणि आज सकाळी काय झालं. सावित्रम्मा हातातली माळ थांबवून ऐकत होत्या. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं. "यारु गेद्दिद्दु?" म्हणजे, जिंकलं कोण?

अक्कांनी पटाकडे बघितलं. आपण बरोबर होतो हे सांगायला त्या बनशंकरीहून तिथवर आल्या होत्या. त्यांनी रामप्रसादचा घोडा उचलला, जरा वेळ हातात धरला, आणि सावित्रम्मांच्या तळहातावर ठेवला.

"यारू गेल्ललिल्ल," त्या म्हणाल्या. कुणीच नाही.

सावित्रम्मा हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या की मग त्या माणसाने या भांडणापायी आयुष्यभर माझं जेवण का थंड केलं? अक्काही हसल्या. मी दाराशी बसलो होतो, पण दोघींनाही माझी आठवण नव्हती. आतून कॉफीचा वास आला, आणि अक्का पदर खोचून, त्या घरात रोज येत असल्यासारख्या, सावित्रम्मांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेल्या.